काटक झाडांपासून इंधन: ओसाड गावी पुन्हा एरंड बळी?

बाभूळबन

मंडळी, हा विषय दर दहा वर्षांनी उगवतो, त्यामुळे मीही धागा काढून घेतो.

कमी पावसाच्या भागात आपोआप वाढणारी झाडं असतात. कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, जनावरं तोंड लावत नाहीत, तरी ती तग धरून असतात. मग कुणाच्या तरी डोक्यात येतं की यांच्या बियांत तेल आहे, खोडात चीक आहे, तर इंधनासाठी लागवड का करू नये? पडीक जमीन वापरात येईल, अन्नधान्याच्या जमिनीला धक्का लागणार नाही आणि पाणीही लागणार नाही. ऐकायला इतकं चोख वाटतं की शंका यायला हवी, पण येत नाही.

कल्पना जुनीच आहे. प्रकाशसंश्लेषणावरच्या कामासाठी १९६१ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे मेल्विन कॅल्विन सत्तरच्या दशकात 'पेट्रोल पिकवण्याची' भाषा करत होते. त्यांची भिस्त युफोर्बिया कुळावर होती, म्हणजे आपल्या शेर या झाडाची चिकाळ भावंडं. चिकात हायड्रोकार्बन असतात, ते काढून शुद्ध करायचे. कॅलिफोर्नियात आणि अ‍ॅरिझोनात चाचण्या झाल्या. पुरेसं उत्पादन हवं तर या झाडांनाही इतर पिकांसारखंच पाणी द्यावं लागतं असं दिसलं. पुढे ऐंशीच्या दशकात खनिज तेल स्वस्त झालं आणि विषय बारगळला.

नंतर आपल्याकडे मोगली एरंड (जट्रोफा) आला. नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल २००३ चा. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण आणि त्यासाठी एक कोटी हेक्टरहून जास्त लागवड, असं ते स्वप्न होतं. त्याचं काय झालं ते आपण पाहिलं.

आता पुन्हा वारं फिरलंय. नेवाडाच्या विद्यापीठात ग्रिंडेलिया नावाच्या चिकट रानफुलावर काम झालं. ते तिथल्याच कोरड्या माळावरचं झाड, अंगावर राळ धरणारं. ऑस्ट्रेलियात अगेव्ह म्हणजे घायपाताच्या जातभाईवर अभ्यास झाले. अबुधाबीत समुद्राच्या पाण्यावर सॅलिकॉर्निया नावाची वनस्पती पिकवली. करंज तर आपला घरचाच.

मला विचारायचंय ते असं. 'काटक', 'स्थानिक' आणि 'पीक' हे तीन शब्द आपण एका दमात बोलतो. ते एका झाडात एकत्र नांदतात का? ज्यांनी लावलंय, गाळलंय, जाळलंय त्यांनी लिहा. ज्यांनी नुसतं वाचलंय त्यांनीही लिहा, मीही त्यातलाच.

एरंडाचं_गुऱ्हाळ

माझ्या आयडीचा अखेर उपयोग झाला. खुर्ची टाकून बसलोय.

अवांतर: मोगली एरंडाला 'आपलं देशी झाड' म्हणणाऱ्यांची एक पिढी होऊन गेली. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आफ्रिकेत आणि आशियात पसरला. म्हणजे तीन शब्दांतला 'स्थानिक' तिथेच गळाला.

जिरायती

मी लावला होता. तीन एकर, मुरमाड जमीन.

एका कंपनीची माणसं आली होती. नाव लिहित नाही, ती कंपनीही आता नाही. रोपं दिली, करार केला, बी आम्हीच उचलू म्हणाले. पहिलं वर्ष रोपं जगवण्यात गेलं. 'याला पाणी लागत नाही' हे वाक्य पहिल्या उन्हाळ्यातच खोटं ठरलं. रोप जगण्यापुरतं पाणी लागतंच, नाहीतर निम्म्या खड्ड्यांत काड्या उरतात. झाड मोठं झालं की मात्र खरंच मरत नाही. हेही मान्य केलं पाहिजे.

मरत नाही पण देतही नाही. पाऊस ओढला की पानं गाळून गप्प उभं राहतं. तिसऱ्या वर्षी फळं धरली. त्यातही एका घोसात एक फळ काळं वाळलेलं, दुसरं पिवळं, तिसरं हिरवं आणि शेजारी फूल. एकदा तोडणी करून भागत नाही. त्याच झाडाकडे आठ-दहा दिवसांनी पुन्हा, मग पुन्हा. मजूर एरवी ज्या वेळात पोतं भरतो त्या वेळात इथे पाटीही भरत नव्हती. वर बी विषारी, पेंड जनावराला घालता येत नाही. सोयाबीन नाहीतर सरकी गाळली तर पेंडीचे पैसे येतात, इथे पेंड म्हणजे डोकेदुखी.

हेक्टरी पाच टन बी सांगितलं होतं. माझ्या वजनकाट्यावर कधी एक टनाच्या हिशेबालाही पोचलं नाही. बी न्यायला कुणी आलं नाही ती गोष्ट वेगळी.

आता बांधावरची कुंपणाची झाडं तेवढी ठेवली आहेत. कुंपण म्हणून त्याला तोड नाही. जनावर फिरकत नाही.

शंकेखोर

जिरायतीदादा, प्रामाणिक लिहिलंत. पण कंपनीची लबाडी बाजूला ठेवू. झाडात मुळात दोष होता की नीट वाण नव्हता? चांगला वाण मिळाला असता तर चित्र पालटलं असतं का?

बाभूळबन

दोन्ही. वाणाबद्दल इथे जाणकार लिहितीलच. मी पाण्याचा हिशेब मांडतो, कारण तो वाणाने फारसा बदलत नाही.

झाडाला कार्बन हवेतून घ्यावा लागतो. त्यासाठी पानांवरची रंध्रं उघडावी लागतात आणि ती उघडली की पाणी उडतं. कार्बन आत, पाणी बाहेर. हा सौदा कुठल्याही झाडाला चुकत नाही. बहुतेक झाडं एक किलो सुकं वजन धरायला साधारण ४०० ते ५०० किलो पाणी उडवतात, काही त्याहूनही जास्त. मका-ज्वारीच्या पद्धतीने कार्बन धरणारी २५० ते ३५०. निवडुंग-घायपात रात्री रंध्रं उघडतात, त्यांचं ५० ते १०० मध्ये भागतं.

आता ३०० मिलीमीटर पावसाचं एक हेक्टर घ्या. एक मिलीमीटर म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर, तर वर्षाला पडलं ३० लाख लिटर. त्यातलं निम्मं वाहून गेलं किंवा मातीतूनच उडालं असं धरू. उरलं १५ लाख. किलोला ५०० ने भागा, ३,००० किलो सुकं वजन झालं. त्यात मूळ, खोड, पान सगळं आलं. उदार होऊन चौथा हिस्सा बी धरलं तर ७५० किलो. ३५ टक्के तेल धरलं तर २६० किलो, म्हणजे २८०-२९० लिटर.

सगळं मनासारखं झालं तर एका हेक्टरचं वर्षभराचं पीक एका ट्रकच्या टाकीत मावतं.

काटक झाड दुष्काळात जगतं ते कमी पाण्यात जास्त कार्बन धरतं म्हणून नव्हे. ते दुकान बंद करून बसतं. पानं गाळतं, रंध्रं मिटतं, वाढ थांबवतं. जिरायतीदादांनी 'गप्प उभं राहतं' म्हटलंय त्याहून नेमकं मला लिहिता येणार नाही. आपण त्याच्या जगण्याला भुलतो आणि उत्पन्नाची आशा धरतो.

शंकेखोर

हिशेब पटला. पण एका लिटर मोगली एरंडाच्या बायोडिझेलला २०,००० लिटर पाणी लागतं असं वाचलं होतं. तुमच्या आकड्यांनी तर पाच हजारच येतात.

बाभूळबन

तो आकडा २००९ च्या एका बऱ्याच गाजलेल्या अभ्यासातला. त्यावर टीकाही झाली, कारण ज्या बागांची मोजमापं धरली त्या मुळात नीट धरलेल्या नव्हत्या असं काहींचं म्हणणं. मी उत्पादन उदार हाताने धरलंय. प्रत्यक्षात बी निम्म्याहून कमी आलं की लिटरमागचं पाणी आपोआप दुपटीपेक्षा वर जातं. जमिनीतून उडालेलं पाणीही त्यात धरलं की दोन आकड्यांतलं अंतर मिटतं.

शंकेखोर

मग माझी खरी शंका आता काढतो. २८५ लिटर तेलात साधारण २,७०० युनिट उष्णता. इंजिनात घातलं तर तिसरा हिस्सा हाती लागेल, म्हणजे ९०० युनिट वीज. त्याच हेक्टरवर सौर पॅनेल टाकले तर वर्षाला सहा-सात लाख युनिट सहज निघतात. सातशे पट! कोरड्या भागात ऊन भरपूर आणि पाणी कमी. जिथे पाणी अडवणूक करतं तिथे पाण्याशिवाय चालणारं यंत्र सोडून झाडाच्या मागे का लागायचं?

तेलघाणी

शंकेखोर, तुमचं गणित बरोबर आहे आणि म्हणूनच पंपासाठी किंवा दिव्यासाठी तेल पिकवण्याची गोष्ट माझ्यापुरती संपली आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. श्रीनिवास करंजाच्या तेलावर डिझेल जनरेटर चालवत होते, खेड्यांतही. तेव्हा पॅनेल परवडत नव्हते. त्या काळात ते शहाणपणाचं होतं.

आज प्रश्न विमानांचा आहे. बॅटरी घेऊन लांबचं विमान उडत नाही, वजनच इतकं होतं. त्याला द्रव इंधन लागतंच. युरोपीय संघाने २०२५ पासून विमान इंधनात २ टक्के, २०३० ला ६ टक्के आणि २०५० ला ७० टक्के शाश्वत इंधनाची सक्ती केली आहे. बाभूळबन म्हणतात ते वारं तिथून येतंय.

आणि तांत्रिकदृष्ट्या अशक्य काही नाही. ३० डिसेंबर २००८ ला एअर न्यूझीलंडने ७४७ च्या एका इंजिनात निम्मं मोगली एरंडाचं इंधन घालून उड्डाण केलं. २७ ऑगस्ट २०१८ ला डेहराडूनहून दिल्लीला स्पाइसजेटचं विमान आलं, इंधन डेहराडूनच्याच भारतीय पेट्रोलियम संस्थेत बनवलेलं. जानेवारी २०१९ मध्ये एतिहादचं विमान सॅलिकॉर्नियाच्या तेलाचा अंश घेऊन अबुधाबीहून अ‍ॅम्स्टरडॅमला गेलं. तेल कुठल्या बीचं आहे हे हायड्रोजनच्या भट्टीला कळत नाही. ती प्राणवायू काढून टाकते, साखळ्या तोडते आणि केरोसीन देते.

अडचण भट्टीच्या अलीकडे आहे. रानात गोळा केलेलं बी पावसात भिजलेलं, बुरशी धरलेलं, महिनाभर पडलेलं असतं. त्यातलं तेल फुटून मोकळी आम्लं वाढतात. बायोडिझेलसाठी अल्कली घातली की अशा तेलाचा साबण होतो, म्हणून आधी आम्लाची एक पायरी वाढवावी लागते. करंजात हा त्रास नेहमीचा. थेट कच्चं तेल इंजिनात ओतू नये, डिझेलच्या दहापट दाट असतं, इंजेक्टरवर काजळी धरतं. जुनी संथ इंजिनं सोसतात, नवी नाही.

आणखी एक. काही काटक झाडांचं तेल जाळायला नको इतकं चांगलं निघतं आणि तीच त्याची अडचण होते. होहोबाचं उदाहरण घ्या. सोनोरन वाळवंटातलं झुडूप (शास्त्रीय नावात 'चिनी' आहे, ती नाव देणाऱ्याची चूक), बियांत निम्मं द्रव मेण. सत्तरच्या दशकात देवमाशाच्या तेलावर अमेरिकेत बंदी आली, तेव्हा त्याची जागा याने घेतली. आता ते सौंदर्यप्रसाधनांत जातं. ते जाळणं म्हणजे अत्तराने फरशी पुसणं. फ्लोरिडात संत्र्याच्या रोगट झालेल्या बागांच्या जागी करंज लावणारी टेरव्हिवा कंपनीही कडवट द्रव्यं काढून टाकून खाद्य तेलाकडे वळली. ज्या तेलाला दुसरं गिऱ्हाईक मिळतं ते इंधनाकडे येत नाही.

कोरा_कागद

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (आधी नीट वाचून मग लिहितो.)

निवांत

वाखूसा (वाचनखूण साठवली). तेलघाणी, तुमचा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून येऊ द्या की.

रानजाई

उशीर झाला यायला. शंकेखोर यांनी वाणाबद्दल विचारलं होतं, तिथून सुरू करते. मी पीक पैदाशीत काम केलं आहे, इंधनाच्या पिकांत नाही, पण रानटी झाडाला शेतात आणणं म्हणजे काय हे जवळून पाहिलं आहे.

जिरायतीदादांच्या घोसातली तीन रंगांची फळं ही चूक नाही. रानटी झाडाचं ते शहाणपण आहे. पाऊस कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून सगळं बी एकदम पिकवायचं नाही, थोडं थोडं टाकत राहायचं. बी विषारी ठेवायचं म्हणजे कुणी खात नाही. शेंग तडकवायची म्हणजे बी लांब उडतं. काही बी पहिल्या पावसात रुजवायचं, काही मातीत पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायचं. शेतकऱ्याला याच्या नेमकं उलट हवं असतं. सगळं एकदम पिकावं, झाडावरच राहावं, पेरलं की उगवावं, पेंड गुरांना चालावी. गव्हा-ज्वारीत हे बदल व्हायला हजारो वर्षं आणि शेकडो पिढ्यांचे हात लागले. मोगली एरंडाला आपण पाच वर्षं दिली आणि कोटभर हेक्टरची मागणी केली.

त्यातही फुलांचा मामला. एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगळी, आणि एका मादी फुलामागे बऱ्याचदा वीसहून जास्त नर फुलं. फळ मादीलाच लागणार. हे प्रमाण सुधारायचं तर निवड हवी, निवडीला विविधता हवी. पोर्तुगीजांनी आणलेली मोजकी रोपंच आफ्रिका-आशियाभर पसरली, त्यामुळे इथल्या झाडांत विविधता फारच थोडी. विविधता आहे ती मेक्सिकोच्या बाजूला. 'स्थानिक' या शब्दाला माझ्या मते खरा अर्थ इथे आहे. झाड जिथलं आहे तिथेच त्याचे सगळे भाऊबंद असतात, आणि सुधारणेचा कच्चा माल तेच.

पिकं घडतात हे मात्र खरं. १७४७ मध्ये मार्गग्राफ यांनी बीटच्या कंदात साखर असल्याचं दाखवलं. त्यांचे शिष्य आखार्ड यांनी कंदांची निवड केली आणि १८०१-०२ च्या सुमारास सायलेशियात कारखाना उभा केला. तेव्हा कंदात साखर पाच-सहा टक्के. आज सतरा-अठरा टक्के सहज असते. रशियात पुस्तोवोइत यांनी सूर्यफुलाचं तेल तीसच्या आसपासून पन्नास टक्क्यांवर नेलं, पण त्यात त्यांचं आयुष्य गेलं. आणि ही दोन्ही आधीच माणसाळलेली पिकं होती, वर्षा-दोन वर्षांत पिढी पुढे सरकणारी.

करंजाला पहिलं बी धरायला चार ते सात वर्षं. एका माणसाच्या नोकरीत पाच पिढ्या झाल्या तरी खूप. पण करंजात एक मोठी सोय आहे: बियांपासून वाढलेली झाडं एकमेकांसारखी नसतातच. झाडामागे वर्षाला ९ किलोपासून ९० किलोपर्यंत बी मिळाल्याच्या नोंदी आहेत. दहापट फरक! यातला काही जमिनीचा आणि पाण्याचा, काही रक्ताचा. चांगली झाडं हेरून त्यांची कलमं केली तर पैदाशीची वाट न पाहताही बरंच मिळतं. शिवाय करंज शेंगवर्गीय आहे, मुळांवर नत्र धरतो.

फक्त एक विसरू नका. करंज मूळचा ओढ्या-नद्यांच्या काठचा आणि किनारपट्टीचा. त्याला दुष्काळ सोसतो कारण सोटमूळ खोल जातं. खाली पाणीच नसेल तर मूळ काय करणार?

एरंडाचं_गुऱ्हाळ

रानजाई ताई, अशी दहा प्रतिसादांनंतर येत जाऊ नका, आम्ही तोवर भलतंच ठरवून मोकळे होतो.

ते ग्वायूल की काय म्हणतात त्याबद्दल सांगा ना. गाजरगवताचं चुलत भावंड म्हणून ऐकलं होतं.

रानजाई

हो, एकाच पार्थेनियम कुळातलं. मेक्सिको-टेक्ससच्या चिवावा वाळवंटातलं झुडूप. ते इंधनाचं नाही, रबराचं. पण या धाग्याला त्याची गोष्ट फार लागू पडते.

दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातलं रबर जपानच्या हाती गेलं. अमेरिकेने १९४२ मध्ये आणीबाणीचा रबर प्रकल्प काढला आणि हजारो हेक्टर ग्वायूल लावला. युद्ध संपलं, कृत्रिम रबर आलं, आणि उभी शेतं नांगरून, जाळून टाकली. बरीचशी पैदाशीची सामग्री त्यात गेली. सत्तरच्या दशकात तेल महागलं तेव्हा पुन्हा सुरुवात, पुन्हा थंड. आता ब्रिजस्टोनने अ‍ॅरिझोनात २०१४ पासून केंद्र चालवलं आहे.

ग्वायूल गारव्यात आणि ताणात रबर जास्त धरतो, वाढ मात्र ताणात कमी होते. पाणी दिलं की झुडूप फोफावतं पण रबराची टक्केवारी उतरते. म्हणजे ताण किती आणि कधी द्यायचा ही कला. रबर काढल्यावर राळ उरते आणि मग चोथा. जळण होतं ते त्या चोथ्याचं. पहिला मान रबराला, दुसरा राळेला, इंधन सगळ्यात शेवटी. मला कोरड्या भागातल्या पिकासाठी हीच उतरंड पटते. तेलघाणींनी होहोबाबद्दल लिहिलं त्यात 'अडचण' म्हटलंय, मी तिला वाट म्हणेन.

चराऊकुरण

तुम्ही सगळे झाडाबद्दल बोलताय. मी जमिनीबद्दल बोलतो.

'पडीक' हा शब्द कुणी ठरवला? महसुलाच्या कागदावर जिथे पीक नाही ती पडीक. प्रत्यक्षात तिथे मेंढरं चरतात, लोक सरपण आणि औषधी गोळा करतात, लांडगे आणि माळढोक राहतात. सहाराच्या कडेला असो की इथे, कोरडा माळ ओसाड वाटतो तो रस्त्यावरून जाणाऱ्याला. मोगली एरंड लावला तेव्हा अनेक ठिकाणी पहिल्यांदा चराई बंद झाली. झाड जनावर खात नाही हा गुण कुणाचा? बागवाल्याचा. धनगराच्या दृष्टीने तो दोष.

आणि काटक झाड परक्या मुलखात नेलं तर काय होतं याचे दोन दाखले पुरेत. ऑस्ट्रेलियात फड्या निवडुंग नेला. १९२५ पर्यंत त्याने सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर गिळले. १९२६ मध्ये अर्जेंटिनातून एक पतंग आणून सोडला तेव्हा तो हटला. दुसरा वेड्या बाभळीचा. केनियात बारिंगो भागात ऐंशीच्या दशकात जळणासाठी लावली. तिने कुरणं व्यापली, गोड शेंगांनी शेळ्यांचे दात किडून पडले. लोकांनी २००६ मध्ये सरकारवर दावा लावला आणि कोर्टात बिनदाताची शेळी पुरावा म्हणून उभी केली.

जे गुण पिकात शोधताय (खत नको, पाणी नको, कुणी खात नाही, भरपूर बी) त्यांची यादी तणाच्या यादीशी ताडून पाहा.

शंकेखोर

शेळी साक्षीला! पण यावर उपाय 'स्थानिक' हाच ना? मूळ मुलखात झाडाला त्याचे किडे-रोग असतात, ते त्याला आवरतात.

चराऊकुरण

आवरतात, आणि तुम्ही दाट एकजातीची बाग केली की तेच किडे तिथे मेजवानी मांडतात. माळावर झाडं दहा-दहा हात सुटी असतात ती पाण्यासाठीही आणि किडीसाठीही. स्थानिक लावा, पण माळावर असतं तसं विखुरलेलं. मग त्याला 'पीक' म्हणता येईल का हा बाभूळबन यांचा तिसरा शब्द.

नवशिका_वनस्पतीवाला

अगेव्ह आणि सॅलिकॉर्निया दोघांबद्दल कुणी बोललंच नाही. अगेव्हचं पाण्याचं गणित तर पाच-दहापट चांगलं आहे ना? बाभूळबन यांच्याच आकड्यांनी १५,००० किलो सुकं वजन येईल.

बाभूळबन

कागदावर येतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या लागवडीवरून वर्षाला हेक्टरी ७,४१४ लिटर इथेनॉलचा अंदाज मांडला गेला, २०२० मध्ये. आकडा मोठा आहे. पण तिथला पाऊस ३०० मिलीमीटर नाही, त्याहून कितीतरी जास्त. शिवाय रात्रीच कार्बन साठवणारं झाड एका दिवसात किती साठवेल याला मर्यादा आहे, त्यामुळे वाढ संथ. पाच-सहा वर्षांनी एकदा कापणी. त्या पाच वर्षांत शेतकरी काय करणार हे गणितात नसतं. तरीही या यादीत पाण्याच्या बाजूने खरोखर पुढे असलेलं झाड हेच, हे मान्य. साखर तेलापेक्षा वेगळी वाट मागते: आंबवणं, ऊर्ध्वपातन, नासक्या पाण्याची विल्हेवाट.

सॅलिकॉर्निया 'पाणी कुठून' या प्रश्नाला समुद्र दाखवतो. वाळवंटी किनाऱ्यावरच्या सहा वर्षांच्या चाचण्यांचं १९९१ मधलं लिखाण आहे: बियांत २६ ते ३३ टक्के तेल, सुकं वजन हेक्टरी १२ ते २४ टन. बियांचं उत्पादनही सोयाबीनच्या जवळपास. पण समुद्राचं पाणी उपसावं लागतं, आणि मीठ जमिनीत साचू नये म्हणून गरजेपेक्षा जास्त द्यावं लागतं. मग ते खारं पाणी सोडायचं कुठे? अबुधाबीतल्या मस्दारच्या दोन हेक्टरांवर त्यांनी आधी मासे-कोळंबी, मग सॅलिकॉर्निया, मग खारफुटी अशी साखळी लावली. उत्पन्न मुख्यतः मासे-कोळंबीचं. रानजाई ताईंची उतरंड पुन्हा तीच.

तेलघाणी

यावरून केनियातलं क्रोटन आठवलं. क्रोटन मेगालोकार्पस, पूर्व आफ्रिकेच्या पठारांवरचं तिथलंच झाड. अगदी कोरड्यातलं नाही, पण मुद्दा वेगळा आहे. तिथे कुणी नवी बाग केली नाही. शेतांच्या कडेला, सावलीसाठी झाडं आधीच होती, बी खाली पडून कुजत होतं. नान्युकीजवळच्या एका उद्योगाने लोकांकडून ते विकत घ्यायला सुरुवात केली. तेल इंजिनाला, पेंड खताला. आकडे छोटे, पण झाडाच्या जन्माचा खर्च कुणाच्याच खात्यावर नाही आणि जमीन कुणाची घेतलेली नाही. एका विमान कंपनीची भूक यातून भागणार नाही. एका गाळणीयंत्राची भागते.

जिरायती

सगळं वाचलं. दोनदा वाचलं.

मोगली एरंड पुन्हा लावणार नाही हे मी आधीच ठरवलं होतं. पण आमच्या ओढ्याच्या काठाला आणि बांधावर जुने करंज आहेत. बी पडतं, पोरं गोळा करतात किंवा सडतं. रानजाई ताई, सरळ सांगा, यांचं काय करू? आणखी करंज लावू का?

रानजाई

इतक्यात लावू नका. जे आहेत ते मोजा.

प्रत्येक झाडाला नंबर द्या. बी पडायच्या आधी खाली झाडून घ्या, पडेल तसं गोळा करा, सावलीत वाळवा, झाडागणिक वेगळं वजन करून वहीत लिहा. भिजू देऊ नका, तेलघाणींनी साबणाची गोष्ट सांगितलीच आहे. हे निदान तीन वर्षं. करंज एक वर्ष भरभरून देतो आणि पुढच्या वर्षी हात आखडतो, त्यामुळे एका वर्षाच्या वजनावर झाडाची पारख होत नाही. तीन वर्षांत जी दोन-चार झाडं सातत्याने वर राहतील त्यांच्या काड्यांची कलमं करा. लावायचं झालं तर तीच लावा. रोपवाटिकेतलं बेनाम बियाणं नको.

जिरायती

वहीचं जमेल. सतरा झाडं आहेत.

एरंडाचं_गुऱ्हाळ

म्हणजे हा धागा तीन वर्षांनी वर काढायचा. मी आहेच.

जिरायती

आत्ता मोजून आलो. अठरा निघाली. एक विहिरीच्या मागे होतं, त्याला धरलंच नव्हतं. सगळ्यात जास्त बी त्यालाच दिसतंय.

रानजाई

ते वहीत वेगळ्या पानावर लिहा. त्याला विहिरीचं पाणी मिळतंय.